‘मुंबई’ बंद आहे, असं यादीत लिहा

एप्रिल २०२४मध्ये ‘मुंबई’ बंद पडली. म्हणजे त्या नावाचं एक संगणकी नेटवर्क. पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर खरा पैसा लावण्यापूर्वी प्रोग्रामर मंडळी ज्या मैदानात सराव करत, त्याचं नाव मुंबई होतं. ते मैदान आवरलं गेलं आणि त्याच्या जागी ‘अमॉय’ आलं. अमॉय हे चीनमधल्या शियामेन बंदराचं जुनं नाव. एका बंदराचं नाव गेलं, दुसऱ्या बंदराचं आलं. लोकलमध्ये लटकणाऱ्या खऱ्या मुंबईकरांना याची खबरही नव्हती.

मला ती होती, कारण माझं पोट अशाच गोष्टींवर चालतं. सॉफ्टवेअर कसं वापरावं याची माहितीपत्रकं लिहिणं हा माझा धंदा आहे आणि तो मी वसईतल्या वटार गावी घरात बसून करतो. सध्या हातात आहे ते साधन अगदी लहान आहे. एखाद्या एआय एजंटने विचारलं की, ‘तुमच्याकडे कोणकोणती ब्लॉकचेन नेटवर्क चालतात?’, तर ते एक यादी काढून देतं. याच्यापुढे त्याचं काही काम नाही.

एवढ्याशा साधनाला माहितीपत्रक कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ‘कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही’ हे सांगणारी यादी हा व्यापाराच्या इतिहासातला फार जुना दस्तऐवज आहे. आमचा हा किनारा तर अशा याद्यांमध्ये दोन हजार वर्षांपासून नोंदला गेला आहे. वटारहून काही किलोमीटरवर असलेलं सोपारा त्यातल्या कित्येक याद्यांत सापडतं. त्या याद्या कुणी, कशा लिहिल्या, त्यांत काय बरोबर आणि काय चूक होतं, हे पाहिलं की आजच्या यादीत काय लिहायला हवं तेही उमगतं.

यादी चुकली तर काय होतं?

आधी साधनाचं काम समजून घेऊ. ब्लॉकचेन म्हणजे एक खातेवही, जिच्या प्रती अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवल्या जातात. नवी नोंद सर्वांच्या ठरलेल्या नियमाने पटली तरच चढते. एकदा चढली की एकट्यादुकट्याला ती खोडता येत नाही. बिटकॉइनची वही जानेवारी २००९मध्ये उघडली, इथेरियमची जुलै २०१५मध्ये. आज अशा वह्या शेकड्यांनी आहेत. प्रत्येक वही म्हणजे एक नेटवर्क. एका वहीत काय लिहिलं गेलं, ते दुसरीला आपोआप कळत नाही.

एआय एजंट म्हणजे आपण सांगितलेलं काम पायरी-पायरीने स्वतः उरकणारा प्रोग्राम. त्याला बाहेरची साधनं हाताळता यावीत म्हणून अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची पद्धत जाहीर केली. या पद्धतीत प्रत्येक साधनाला एक वर्णन जोडलेलं असतं आणि ते एजंट स्वतः वाचतो. साधन कधी वापरायचं, मिळालेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे तो त्या वर्णनावरून ठरवतो. म्हणजे मी लिहिलेल्या चार ओळींचा पहिला वाचक आता माणूस राहिलेला नाही.

आणि इथे चुकीची किंमत मोठी आहे. इथेरियमच्या घराण्यातल्या सगळ्या नेटवर्कवर पत्त्याची घडण एकच असते. घर नंबर बारा असं लिहिलंय, पण गाव कोणतं ते लिहिलेलं नाही, असा हा प्रकार. पाठवणाऱ्याने भलतंच नेटवर्क निवडलं तर रक्कम त्याच पत्त्यावर, पण दुसऱ्याच वहीत जाऊन पडते. समोरचा ती वही बाळगतच नसेल, तर ती रक्कम त्याला दिसतही नाही. तक्रार ऐकायला शाखाधिकारी नाही आणि व्यवहार उलटा फिरवायला अर्जाचा नमुनाही नाही. आखातात राबून घरी पैसे पाठवणाऱ्या कोकणी माणसाला, रक्कम अशी मधेच अडकणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

कल्याणची नोंद

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचं नाव कुणाला ठाऊक नाही. पुस्तकात वाङ्मयीन थाट नाही. कुठे काय विकतं, कुठे काय मिळतं, कुठला वारा कधी धरायचा, कुठे गाळात जहाज रुततं, अशी कामाची माहिती आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर ते उत्तम डॉक्युमेंटेशन आहे.

बॅरिगाझा, म्हणजे भडोचच्या दक्षिणेची बंदरं सांगताना तो सुप्पाराचं नाव घेतो. हेच आपलं सोपारा. त्यानंतर येतं कल्लिएना, म्हणजे कल्याण. कल्याणविषयीची त्याची नोंद मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. थोरल्या सारगनोसच्या काळात हे कायदेशीर व्यापाराचं बंदर होतं, असं तो सांगतो. पुढे ते सँडानेसच्या ताब्यात गेलं आणि तिथल्या व्यापाराला मोठा अडथळा आला. आता एखादं ग्रीक जहाज तिथे चुकून लागलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेलं जातं, असाही इशारा तो देतो.

या छोट्या नोंदीत किती गोष्टी आहेत पाहा. बंदराचं नाव आहे. पूर्वीची स्थिती आहे, आताची आहे. बदल का झाला ते आहे. तिथे गेलात तर काय होईल आणि अखेर कुठे पोहोचाल, तेही आहे. कल्याण बंद झालं म्हणून त्याने ते यादीतून काढून टाकलेलं नाही. काढलं असतं, तर जुन्या खलाशांकडून कल्याणची ख्याती ऐकलेला नवा नाखवा सरळ तिथेच गेला असता. नाव यादीत नाही, म्हणजे लिहिणारा विसरला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली असती.

एआय एजंटचं नेमकं हेच होतं. त्याचं ज्ञान जुन्या मजकुरावर पोसलेलं असतं. २०२४च्या आधी लिहिलेल्या असंख्य धड्यांमध्ये ‘सरावासाठी मुंबई नेटवर्क वापरा’ असं सांगितलेलं आहे आणि एजंटने ते वाचलेलं आहे. त्यामुळे यादीतून मुंबई गुपचूप वगळली, तरी त्याच्या डोक्यातून ती जात नाही. ‘मुंबई बंद झाली आहे, अमॉयकडे जा’ असं त्याला स्पष्ट लिहून द्यावं लागतं.

मुंबई का बंद पडली, तेही लिहिण्यासारखं आहे. ती स्वतःच्या पायावर उभी नव्हती. इथेरियमच्या ‘गोर्ली’ या चाचणी-नेटवर्कला ती बांधलेली होती आणि गोर्ली गुंडाळलं गेल्यावर तिलाही जावं लागलं. इथेरियमच्या या चाचणी-नेटवर्कांना रेल्वे स्थानकांची नावं देण्याची रीत आहे. गोर्ली हे बर्लिनमधल्या स्थानकावरून आलेलं नाव, सेपोलिया अथेन्समधल्या. अमॉय आता या सेपोलियाला बांधलेलं आहे. मागचं स्थानक बंद झालं की पुढची गाडीही थांबते, हे नालासोपाऱ्याहून रोज प्रवास करणाऱ्याला चटकन कळेल.

सूबारा, आणि नकलेतून चालत आलेला घोळ

पेरिप्लसनंतर काही शतकांनी अरबी भूगोलकारांच्या याद्या येतात. त्यांच्या लेखनात सोपारा ‘सूबारा’ होतं. दहाव्या शतकातला इस्तखरी आणि त्याच्या पाठोपाठचा इब्न हौकल अंतरं देतात. खंबायतहून सूबारा सुमारे चार दिवस, सूबाराहून सिंदान पाच दिवस, सिंदानहून सैमूर पाच दिवस. सूबारा समुद्रापासून अर्ध्या फरसखावर आहे, हेही ते नोंदवतात.

सैमूर म्हणजे आजचं रायगड जिल्ह्यातलं चौल. सिंदान म्हणजे संजाण मानलं, तर मात्र हा क्रम जुळत नाही. खंबायतहून दक्षिणेला निघालेल्या माणसाला संजाण आधी लागतं आणि सोपारा नंतर. तरीही सूबाराहून सिंदान पाच दिवस, ही नोंद पुढे चालत राहिली. ११५४मध्ये सिसिलीच्या पालेर्मो शहरात राजा रॉजरच्या आश्रयाने अल-इद्रिसीने आपला भव्य भूगोलग्रंथ पुरा केला, त्यातही ती आहे. इद्रिसी विद्वान होता, पण हा किनारा त्याने पाहिलेला नव्हता. आधीच्या पुस्तकांतून त्याने माहिती घेतली आणि माहितीसोबत घोळही आला.

याउलट अल-मसऊदी. हा माणूस हिजरी ३०४मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, स्वतः सैमूरला आला होता. तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून येऊन स्थायिक झालेले सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं तो लिहितो. त्यांचे तंटे मिटवणारा त्यांच्यातलाच प्रमुख असे आणि त्याला ‘हुनरमन’ म्हणत, असंही सांगतो. सैमूर, सूबारा आणि ठाणे इथल्या लोकांच्या बोलीचीही नोंद त्याच्याकडे आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि पुस्तकातून उतरवलेलं यातला फरक त्याच्या मजकुरात जाणवतो.

नेटवर्कच्या याद्यांचंही असंच आहे. एक साधन दुसऱ्याची यादी उचलतं, तिसरं दुसऱ्याची. नेटवर्क खरंच जिवंत आहे का, हे पाहायला त्याच्याशी संपर्क साधून ताजी नोंद मागवावी लागते. तेवढे कष्ट प्रत्येक जण घेत नाही. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे ती कधी तपासली याची तारीख हवी, असा माझा आग्रह आहे.

मुहम्मदचा मधुमती

यादी बरोबर असली तरी बंदर चालवायला माणूस लागतो. आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचं वाचन प्रसिद्ध केलं. त्यांतला एक शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला आहे. त्या वेळी संयान मंडलाचा, म्हणजे संजाण परिसराचा अधिकारी ‘मधुमती’ नावाचा एक ताजिक होता. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप, आणि त्याच्या वडिलांचं नाव ताम्रपटात ‘सहियारहार’ असं येतं, म्हणजे बहुधा शहरियार.

या मधुमतीने आपल्या धन्यासाठी किनाऱ्यावरची बंदरं ताब्यात आणून तिथे अधिकारी नेमले. नद्यांवर फुकट तरी सुरू केली. वाटसरूंसाठी भात, आमटी आणि तूप मिळेल असं अन्नछत्र काढलं. देवी भगवतीच्या मठिकेला एका ब्राह्मणाने मागितलेल्या दानाची सोय त्याच्याच कारभारात झाली. मसऊदी सैमूरला येऊन गेल्यावर जेमतेम दहा वर्षांतली ही गोष्ट आहे.

आज कुणी ‘मुहम्मद’ हे नाव शोधत राष्ट्रकूट अधिकाऱ्यांची यादी चाळली, तर हा माणूस सापडणार नाही. तो तिथे आहे, पण वेगळ्या उच्चारात. पानिपत किंवा औरंगजेबाच्या पलीकडे महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास नाहीच, असं अनेकांना वाटतं. त्याचं एक कारण हेही आहे. शोधणाऱ्याला नाव जुळलं नाही की तो ‘नोंद नाही’ म्हणून मोकळा होतो.

नाव बदलतं, नंबर टिकतो

शूर्पारक, सोपारक, सुप्पारा, सूबारा, सोपारा, नालासोपारा. जागा एकच. उलट बाजूने, एकाच नावाचे दोन वारसही निघतात. जून २०१६मध्ये इथेरियमवरच्या ‘द डाओ’ नावाच्या सामुदायिक निधीतून सुमारे ३६ लाख ईथर चोरीला गेले. ती चोरी निष्फळ करण्यासाठी २० जुलैला इथेरियमच्या वहीचे नियम बदलण्यात आले. काहींना ते मान्य नव्हतं. वही म्हणजे वही, तिच्यात हात घालायचा नाही, असं म्हणून ते जुन्याच वहीवर राहिले. त्यांची वही ‘इथेरियम क्लासिक’ झाली.

दोन्ही वह्यांचा भूतकाळ एकच, पत्ते एकच, सहीची पद्धतही एकच. त्यामुळे एका वहीसाठी सही केलेला पैसे देण्याचा हुकूम दुसरीवर नेऊन पुन्हा वटवता येऊ लागला. मालकाने एकदाच सही केलेली, पण पैसे दोन्हीकडून गेले. यावर ऑक्टोबर २०१६मध्ये विटालिक बुटेरिन यांनी उपाय मांडला आणि नोव्हेंबरमध्ये तो लागू झाला. प्रत्येक नेटवर्कला एक नंबर द्यायचा आणि तो सहीतच गुंफायचा. इथेरियमचा नंबर १, क्लासिकचा ६१. नंबर जुळला नाही तर सही बाद.

हा नंबर किती कामाचा, ते पॉलिगॉनवरून दिसतं. हे नेटवर्क मुंबईतलंच लेकरू. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७मध्ये ‘मॅटिक’ नावाने काम सुरू केलं. फेब्रुवारी २०२१मध्ये मॅटिकचं पॉलिगॉन झालं. सप्टेंबर २०२४मध्ये त्याच्या नाण्याचंही नाव ‘मॅटिक’वरून ‘पोल’ झालं. या सगळ्यात नेटवर्कचा नंबर १३७ तसाच राहिला. बंद पडलेल्या मुंबईचा ८०००१ होता, अमॉयचा ८०००२ आहे. म्हणून यादीत नंबर आधी यावा आणि त्याखाली जुनी-नवी सगळी नावं यावीत.

नाकारलं तर पुढे काय?

आपल्या पेठांना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. हुंडी वटते किंवा वटत नाही, आणि वटली नाही तर काय करायचं, याचे नियम सावकारांनी बसवलेले होते. शाहजोग हुंडीचे पैसे पेठेत पत असलेल्या ‘शाह’लाच मिळत; कुणीही कागद घेऊन आला तर चालत नसे. हुंडी हरवली तर तिची ‘पेठ’ निघे, तीही हरवली तर ‘परपेठ’. आणि हुंडी नाकारली जाईल अशी शंका असेल, तर सोबत ‘जिकरी चिठ्ठी’ देत. त्या गावातल्या दुसऱ्या एखाद्या पेढीला उद्देशून ती असे: अमक्याने ही हुंडी नाकारली, तर आमच्यासाठी तुम्ही ती पटवा. १८८१च्या पराक्राम्य लेख कायद्यानेही देशी भाषांतल्या हुंड्यांच्या या स्थानिक चालीरीतींना धक्का लावला नाही.

अरबी व्यापारातही असे कागद चालत. इब्न हौकल लिहितो की, सहाराच्या दक्षिण कडेला औदाघुस्त गावी त्याने ४२,००० दिनारांचा एक ‘सक्क’ पाहिला. येणेकरी सिजिलमासाचा होता. वाळवंटाच्या दोन टोकांना एकमेकांचा कागद ओळखणारी माणसं होती, म्हणून ती रक्कम उंटावर लादावी लागली नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकरातली २८२वी, देण्याघेण्याच्या लेखनाविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, ही जबाबदारी ती त्याच्यावर टाकते.

न्यायाने लिहिणं म्हणजे काय, याचं आजचं उदाहरण विदर्भात आहे. २०२२मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन ब्लॉकचेनशी जोडण्याचा उपक्रम जाहीर झाला. उद्देश चांगला होता. दाखला बनावट नाही, हे कुणालाही, कुठूनही तपासता यावं. आता कल्पना करा की, उद्या एखाद्या महाविद्यालयाने प्रवेशाचे कागद तपासायला एआय एजंट बसवला. त्याच्या साधनात नंबर १३७ नाही. एटापल्लीच्या आदिवासी मुलीचा दाखला त्याच्यापुढे आला. एजंट काय उत्तर देईल?

त्याची उत्तरं तीन असू शकतात. दाखला खोटा आहे. अशा दाखल्याची नोंद नाही. किंवा, ज्या वहीत ही नोंद आहे ती वही मला वाचता येत नाही. खरं उत्तर तिसरं आहे. पण यादीच्या वर्णनात हा फरक लिहिलेला नसेल, तर एजंट पहिलं किंवा दुसरं उत्तर बेधडक देऊन टाकेल आणि त्या मुलीचा प्रवेश जाईल. रेशनकार्ड, मतदारयादी, शाळेचा दाखला यांत नावाच्या एका वेलांटीसाठी खेटे घातलेल्या आपल्या माणसांना, ‘यादीत नाही’ या दोन शब्दांचं वजन माहीत आहे.

म्हणून या साधनाच्या वर्णनात मी पुढील गोष्टी लिहिल्या आहेत. नंबर हीच नेटवर्कची ओळख मानावी; नावावरून अंदाज बांधू नये. प्रत्येक ओळीत सरावाचं नेटवर्क कोणतं आणि खऱ्या पैशाचं कोणतं, ते सांगितलेलं आहे. स्थिती आणि तपासल्याची तारीख सोबत आहे. बंद झालेली नेटवर्क यादीतच ठेवली आहेत, बंद झाल्याच्या महिन्यासह आणि पुढे कुठे जावं त्या निर्देशासह. आणि शेवटी: एखादं नेटवर्क यादीत नसणं म्हणजे ते जगात नसणं किंवा त्यावरची नोंद खोटी असणं, असा अर्थ काढू नये, ‘हे मला वाचता येत नाही’ असं माणसाला स्पष्ट सांगून थांबावं.

पेरिप्लसच्या वाचकाला किनाऱ्याला लागल्यावर एखाद्या कोळ्याला हाक मारून विचारता येत होतं की, बाबा, कल्याण चालू आहे की बंद? एजंट सहसा कुणाला विचारत बसत नाही. समोर आलेली यादी खरी मानून तो पुढे जातो. त्याने जे विचारायला हवं होतं, त्याचं उत्तर यादी लिहिणाऱ्यालाच आधी लिहून ठेवावं लागतं.